खळ्यापलीकडच्या फायबरसाठी आप्पांचे जाहीर आभार

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

घर आणि खळ्यातील स्टुडिओ यांच्यामध्ये आपण उभी करून दिलेली सेकंदाला १० गिगाबिट वेगाची फायबर जोडणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत एकदाही अडली नाही. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, यावल-रावेरकडे लग्नांचे चित्रीकरण करणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत आणि घरात फायबर टाकणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, असे त्यांना अजूनही वाटते.

मी आणलेले कोटेशन घरभर नवे स्विच (अनेक यंत्रे एकत्र जोडणारे डबे) आणि नवी केबल टाकण्याचे होते. ते बाजूला ठेवून आपण एवढेच विचारले की, जड फाइल नेमक्या कोणत्या दोन यंत्रांमध्ये ये-जा करतात. घरातला सर्व्हर आणि खळ्यातला एडिटिंगचा संगणक, हे उत्तर मिळताच निम्म्याहून अधिक खर्च आपण तिथेच कापला. दोन्हीकडे एसएफपी प्लसचे (फायबरचे मॉड्यूल बसवण्याची खाच असलेले) एकेक जुने सर्व्हर-कार्ड बसवून ती स्विचशिवाय थेट जोडायची, त्यांना वेगळ्या मालिकेतले आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) द्यायचे आणि टीव्ही, मोबाइल, प्रिंटर जुन्या राउटरवरच राहू द्यायचे, ही आपली योजना होती. इंटरनेटचा वेग याने तसूभरही वाढणार नाही, हेही आपण आधीच बजावले होते.

तांब्याची केबल का नको, हे आपण ज्या रीतीने समजावले ते रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार विभागात आयुष्य घालवलेल्या माणसालाच जमावे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि वळवाच्या विजा चमकू लागल्या की तांब्यातून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. त्यासाठीच ड्रॉप केबल (घरापर्यंत आणायची बारीक फायबर केबल) घेताना आधाराची पोलादी तार असलेली आपण परत पाठवली आणि बिनधातूची मागवली. काहींचा आग्रह मल्टीमोडचा, म्हणजे कमी अंतरासाठीच्या जाड गाभ्याच्या फायबरचा होता. त्यातल्या ओएम३ प्रतीच्या केबलवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे आमच्या अंतराला ती पुरली असती. पण गावातल्या केबलवाल्याच्या रिळावर सिंगलमोडच (बारीक गाभ्याची, लांब अंतराची फायबर) असते आणि त्याच्याकडचे स्प्लायसिंग (फायबर सांधण्याचे) यंत्रही त्याच कामाला सरावलेले, हा आपला मुद्दा मला अधिक व्यवहारी वाटला. घरोघरच्या इंटरनेटला लागणारे हिरवे कनेक्टर आपल्या कार्डातल्या मॉड्यूलला (प्रकाशाचे संकेत पाठवणाऱ्या भागाला) चालत नाहीत, निळेच लावायचे, हे केबलवाल्याकडच्या मुलाला आपण उभे राहून सांगितले नसते तर काम नक्कीच फसले असते.

माझ्या मते आपली सर्वांत मोलाची सूचना मात्र डिस्कची होती. साध्या १ गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास येतात आणि एकटी हार्ड डिस्क साधारणपणे त्याच्या दुपटीपर्यंत जाते. त्यामुळे फाइल हार्ड डिस्कवरच राहिल्या तर फायबरचा बराचसा पैसा पडून राहतो. चालू कामाच्या फाइल आपण एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) आणि जुनी लग्ने हार्ड डिस्कवर ठेवायला लावली. आता खळ्यात बसून सर्व्हरवरच्या फाइल जागेवरच कापता येतात, आधी उतरवून घ्याव्या लागत नाहीत.

ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असल्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात साध्या कॅबिनेटमध्ये तापणार, म्हणून आपण त्यांच्यासमोर छोटा पंखा बसवून घेतला. इंटेलच्या जुन्या एक्स५२० कार्डाला दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल सहसा चालत नाही, ही माहितीही वेळीच मिळाली आणि आम्ही मेलॅनॉक्स कंपनीची कार्डे घेतली.

आपण मजुरी घेतली नाही, याचा संकोच अजून आहे. खळ्यातल्या केबलच्या पाइपची तोंडे बुजवायची राहिली आहेत. पावसाआधी उंदरांचा बंदोबस्त कशाने करावा, हे विचारायला रविवारी भुसावळला येतो.

आपला कृतज्ञ,
खळ्यातला स्टुडिओवाला