अर्धशिशीला लंघन आणि लसणीचा रस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अर्धशिशीवरच्या घरगुती उपायांचा लेख वाचून संताप आला. आल्याचा काढा, कपाळावर गार पाण्याची पट्टी, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं हे उपाय ठीक आहेत, आमच्याकडेही करतात आणि त्याने थोडं बरं वाटतं. पण ‘आठवड्यातून एक दिवस कडक लंघन’ आणि ‘दुखऱ्या बाजूच्या नाकपुडीत लसणीचा रस’ हे दोन उपाय लिहिणाऱ्याने अर्धशिशीचं माणूस जवळून पाहिलेलं दिसत नाही. हरतालका तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्र लगेच लिहिते आहे.

माझ्या धाकट्या जावेला लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. काही वर्षांपूर्वी हरतालकेच्या दिवशी घरात चवथीची गडबड होती. माटवी, म्हणजे गणपतीवरचं फळा-पानांचं छत, सजवायची, करंज्या तळायच्या, आदल्या रात्री धड झोप नाही, आणि त्यात तिचा निर्जळी उपवास, म्हणजे सकाळचा चहासुद्धा नाही. रोज चहा घेणाऱ्याचा चहा अचानक तुटला तर नुसत्या त्यानेही डोकं धरतं. दुपारी तिचं डावं कानशील ठणकायला लागलं. उजेड सोसवेना, तळणीच्या वासाने उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकींनी मायेपोटीच लसूण ठेचून रस नाकात पिळला. ती किंचाळली. नाक आतून भाजल्यासारखं लाल झालं, संध्याकाळपर्यंत रक्त येत होतं, आणि डोकं होतं तसंच ठणकत राहिलं. दुसऱ्या दिवशी गणपती घरात आला तेव्हा ती मागच्या खोलीत डोक्यावरून गोधडी घेऊन पडलेली होती. मुंबईहून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी ओसरीवर सगळ्यांदेखत म्हटलं, “कामाच्या दिवशीच बरं हिचं डोकं दुखतं!”

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. आणि तुमचा लेख म्हणतो की हा आजार ‘बऱ्याचदा मनाचाच’ असतो. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. झटका आला की चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहू शकतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत तो साधारण तिपटीने जास्त आढळतो. घरोघरी सुना-लेकी हे सोसत असताना वर्तमानपत्रानेच त्यांना मनाचे खेळ म्हणावं?

पुढे एका डॉक्टरांनी जावेला औषध लिहून देण्याआधी विचारलं, “शेवटचं कधी जेवलात?” मग एक वही ठेवायला सांगितली: जेवणाची वेळ, झोप, पाळी, ऊन, घेतलेली गोळी. वहीत सरळ दिसलं. उपवासाचे दिवस, पाळीच्या आसपासचे दिवस, आणि काजूच्या हंगामात पहाटे उपाशीपोटी बागेत जाऊन उन्हं डोक्यावर येईपर्यंत बोंडं वेचण्याचे दिवस. उपाशी राहणं हेच ज्या आजाराचं एक मोठं निमित्त, त्यावर तुम्ही लंघन सांगता!

आमच्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, पण सकाळी दहा वाजले की प्रत्येकीला विचारायच्या, “पेज खाल्लंस गो?” उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, सोबत खोबऱ्याची चटणी. पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच वाडग्यात मिळायचा. हा कोकणातला उपाय तुमच्या लेखात नाही. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा आहे. त्यात गुण असेलच तर तो पहाटे पोटात काहीतरी पडण्याचा असावा, असं माझं मत आहे.

वर्ज्य पदार्थांची यादी तर पाहवत नाही. चीज आणि रेड वाइन वेंगुर्ल्याच्या किती घरांत असते? आणि कोकम, ताक, आंबट सगळंच सरसकट बंद का? एकीला जे बाधतं ते दुसरीला बाधेलच असं नसतं, म्हणून तर वही ठेवायची. शिवाय झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना जांभया येतात, गोड खावंसं वाटतं. मग खाल्लेल्या गोडावर खापर फुटतं, प्रत्यक्षात झटका आधीच सुरू झालेला असू शकतो.

गोळ्यांना लेखात ‘विष’ म्हटलं आहे. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिलं तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं, हे खरं, आणि ते ठळक छापायला हवं होतं. पण डॉक्टरांनी झटके टाळण्यासाठी रोजची म्हणून दिलेली गोळी तुमचा लेख वाचून कोणी एकदम बंद केली तर? त्यातल्या काही गोळ्या अचानक सोडणं धोक्याचं असतं. आणि एकाएकी कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, ताप येऊन मान ताठली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर काढे उकळत न बसता दवाखाना गाठायचा असतो. यावर एक ओळसुद्धा नाही.

आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी ‘अर्धशिशी सात दिवसांत मुळापासून बरी’ अशी जाहिरात आहे. वैद्याचं नाव नाही, औषधात काय आहे ते नाही, फक्त मोबाइल नंबर. अर्धशिशी आटोक्यात ठेवता येते, कायमची घालवण्याचं औषध अजून निघालेलं नाही. अशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून देशात कायदा आहे, तो तुमच्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच. आमच्या वाडीतल्या एका मुलीने काल संध्याकाळीच त्या नंबरवर फोन लावला होता, आणि पैसे पाठवण्याआधी तिच्या आईने मला विचारलं म्हणून बरं.

लसणीच्या रसाचा आणि लंघनाचा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. हरतालकेआधी तो वाचकांच्या हातात पडायला हवा.

आपली,
एक वाचक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग