झोपेत ठोसे मारणारे बाबा आणि मेंदूतली रसायनं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

झोपेवर तुमच्या पेपरात बरंच येतं, मोबाईल लांब ठेवा, रात्री चहा नको वगैरे, ते बरोबरच आहे, पण एका गोष्टीबद्दल वाचल्याचं आठवत नाही म्हणून हे पत्र. आमचे बाबा ६४ वर्षांचे, इतके शांत की आम्हा भावंडांवर कधी हात उचलला नाही. तीन वर्षांपासून पहाटे तीन-चारला झोपेतच ओरडायचे, लाथा झाडायचे. एका रात्री आईला ठोसा बसला, डोळ्याखाली काळंनिळं झालं. बाबांना उठवलं तर म्हणाले कुत्रं अंगावर आलेलं, हाकलत होतो, आणि आईचा चेहरा बघून रडायलाच लागले. शेजारच्या काकूंना आईने दार लागलं म्हणून सांगितलं.

कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं बाहेरचं असेल. एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून सोडून दिलं. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तर त्यांनी आधी विचारलं, यांना वास येतो का नीट? आई म्हणाली फोडणी करपली तरी यांना कळत नाही, मला वाटायचं लक्ष नसतं.

मग त्यांनी समजावलं. ठळक स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत (बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती झोप) पडतात आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. तेव्हा मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन भरपूर असतं, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन ही रसायनं जवळजवळ बंद असतात, आणि ब्रेनस्टेमकडून (मेंदूचा खालचा, देठासारखा भाग) हुकूम सुटतो तसं ग्लायसीन आणि गाबा ही रसायनं मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना गप्प करतात. म्हणून आपण स्वप्नात पळतो पण गादीवर पडूनच राहतो. बाबांचं हे गप्प करणंच बिघडलंय. फ्रान्सचे झोपेचे संशोधक मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या ब्रेनस्टेमचा तेवढा भाग निकामी केला तेव्हा ती झोपेतच शिकार करायला लागली होती, आणि माणसातला हा आजार अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये मांडला. रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात त्याला, पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये जास्त दिसतो.

हे सगळं सांगायचं कारण पुढचं आहे. यातल्या बऱ्याच लोकांना काही वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा, पार्किन्सन्स (कंपवात) किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया (विचारशक्ती आणि स्मरणशक्ती ढासळत जाणारा आजार) होतो. वास जाणं, जुनी बद्धकोष्ठता ही त्याचीच आधीची लक्षणं असू शकतात. ऐकून आमच्या पायाखालची जमीन सरकली, पण माहीत असलेलं बरं असं मला मनापासून वाटतं, कारण आता दर सहा महिन्यांनी तपासणी होते, हात थरथरला तर आम्ही थांबणार नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही असं होऊ शकतं (मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा), आणि घोरताना श्वास अडकत असेल तरी वरवर असंच दिसतं, म्हणून स्लीप स्टडी (रात्रभर यंत्रं लावून झोपेची तपासणी) करावीच लागते.

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या न्यूरोलॉजिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्याल का प्लीज? आमच्यासारखी किती घरं आहेत जिथे बायको सकाळी गालाला हळद लावते आणि कुणाला सांगत नाही.

बाबांना सध्या मेलाटोनिन (झोपेशी संबंधित हार्मोन) चालू आहे. पलंगाजवळचं कपाट हलवलं, खाली गादी टाकली, आई त्याच खोलीत पण दुसऱ्या कॉटवर झोपते. गेल्या महिन्यात दोनदाच ओरडले.

आपली,
एक वाचक, मिरज