आई-बाबा, नर्सिंगबद्दल थोडं

प्रिय आई-बाबा,

शनिवारी फोनवर मी नर्सिंगला जाण्याचा विषय निघाला आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. आई म्हणाली "बायकांचं काम आहे रे ते, लग्नाला मुलगी कोण देणार". मला तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

बाबा, तुमच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉर्डात मी नऊ रात्री होतो. पहिले दोन दिवस तुम्ही लघवीचं भांडं वेळेवर मागितलंच नाही, सिस्टर विचारायच्या तरी तुम्ही नको म्हणायचात, दर वेळी पोट फुगेपर्यंत दाबून धरायचात, आणि मला सुद्धा सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री ते ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ड्युटीवर आले. पडदा ओढला, काही न विचारता भांडं लावलं आणि तोंड फिरवून सलाईन बघत उभे राहिले. त्या रात्री तुम्ही पहिल्यांदा शांत झोपलात. मग दर दोन तासांनी यायचे, "काका, आता कुशीवर घेतो हां" असं आधी सांगायचे, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायचे, एक हात खांद्याला, एक कमरेला. नंतर चादरीवरून तळहात फिरवून एकूण एक सुरकुती काढायचे, कारण सुरकुती राहिली की तिथंच कातडी सोलते आणि मग जखम होते. मी तेच बघत बसायचो. कंपनीत दोन वर्षं काढली पण असं मन लावून बघावं असं तिथं काहीच दिसलं नाही मला.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा ३ वर्षांचा, म्हणजे मी सव्वीसचा होईन तेव्हा कुठं कमाई सुरू. खाजगीत सुरुवातीला पगार कमी, नाईट असतातच. एम्सच्या भरतीत १०० जागांत ८० बायकांना, आम्हा पुरुषांना २०, त्यामुळं अभ्यास जोरात करावा लागणार. पण लागलो तर बेसिकच ४४,९०० पासून आहे बाबा, आणि पोस्टचं नाव नर्सिंग ऑफिसर. लोकांना काय सांगायचं हा प्रश्न असेल तर हे सांगा. मला मात्र ब्रदर म्हटलेलंच आवडेल.

पैशांचं टेन्शन घेऊ नका, साठवलेले आहेत थोडे, बाकी एज्युकेशन लोन बघतो, तुमची एफडी मोडायची नाही म्हणजे नाही.

सीईटीचा फॉर्म भरून ठेवलाय, फी अजून भरली नाही. तुम्ही दोघं हो म्हणाल तेव्हाच भरणार. बाबा, नाही म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, पण असे गप्प बसू नका, ते मला सहन होत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. आई, तोपर्यंत बाबा कुशीवर झोपताना पायांमध्ये उशी ठेवायला विसरू नको, आणि ती पातळ उशी नको, माझ्या खोलीतली जाड आहे ती घे.

तुमचा,
बाळू