कललेल्या झाडाला पंचनाम्यात रकाना हवा

मा. फलोत्पादन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. निसर्गनंतर फळबागांसाठी मदत हेक्टरी ५० हजार झाली खरी. पण इथली वाडी गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठ्यांच्या वाट्याला त्या हिशेबाने जेमतेम अडीच हजार. यावर तेव्हा पुष्कळ बोलून झाले. आमचे म्हणणे वेगळे आहे. पडलेल्या झाडाचे पैसे मिळतात, म्हणून वाचू शकणारे झाडही पंचनाम्याची वाट पाहत तसेच ठेवले जाते, आणि आठ-दहा दिवसांत हातचे जाते.

कललेले आंब्याचे कलम घ्या. एका अंगाची मुळे तुटतात, दुसऱ्या अंगाची जमिनीत असतात. उघड्या मुळांवर त्याच दिवशी माती किंवा ओले गोणपाट पडले पाहिजे. वादळ जूनमधले असेल तर मागून येणारा पाऊस सांभाळून घेतो, मेमधले असेल तर ऊन मारते. मग फांद्यांचा भार निम्मा करायचा, मुळे बसतील एवढी माती उकरायची आणि चेनपुलीने सावकाश उभे करायचे. दोराखाली गोणपाट हवे, नाहीतर साल सोलते. जेसीबीचा झटका तर उरलीसुरली मुळेही तोडतो. नंतर तीन बाजूंनी दोरांचे ताण द्यायचे, निदान वर्षभर. जुना थोराड आंबा मात्र उभा करू नये. आहे तिथेच टेकू देऊन छाटला की त्याला नवी पालवी फुटते. आणि त्या वर्षी कल्टार (मोहोरासाठी मुळांशी घालतात ते वाढरोधक) अजिबात नको.

कापलेल्या जागी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी चालत नाहीत. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

माडाला कोंब एकच. तो मोडला तर माड गेला. नुसता कुजायला लागला असेल, तर सडका भाग काढून हीच पेस्ट लावल्यास वाचण्याची आशा असते. पडलेली खोडे मात्र वाडीत ठेवू नयेत: ती कुजली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांवर चढतो. सुपारीचे दुखणे निराळे. वरची माडाची सावली गेली की तिचे खोड दुपारनंतरच्या उन्हाने भाजते आणि चिरते. तिथे झावळ्या गुंडाळाव्यात, मधून केळी लावावी.

हे सगळे बागायतदाराला ठाऊक आहे. नाही ती मजुरी, अवजारे आणि परवानगी. म्हणून पंचनाम्याच्या नमुन्यात ‘कललेले, वाचवण्याजोगे’ असा रकाना घाला. मालकाने तारीख-ठिकाणासह काढलेला फोटो ग्राह्य धरा, म्हणजे तलाठ्याची वाट न पाहता झाड उभे करता येईल. उभे करण्याची मजुरी मदतीत धरा. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक महसूल मंडळात मे उजाडण्याआधी चेनसॉ, चेनपुली, दोर आणि मोरचूद ठेवा.

रोपांचेही तसेच. नारळाचे रोप लावण्याजोगे व्हायला वर्ष लागते, सुपारीचे त्याहून थोडे अधिक. वादळानंतर मागणी आली की भाट्ये (रत्नागिरी) इथल्या नारळ आणि श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रांनी रोपे आणायची कुठून? पुढच्या वर्षीच्या राखीव रोपांसाठी बियाणे यंदाच पडायला हवे.

कळावे,
कोकण किनाऱ्यावरील काही बागायतदार