मागच्या पडवीतला ओटा

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत फोन करू नका. दादाने आणि मी ठरवलंय, काका-काकूंशीही बोलून झालंय. मागच्या पडवीत तुम्हा दोघांपुरतं स्वयंपाकघर करायचं. गवंडी सोमवारी येईल. आधी विचारलं नाही याचं वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर आई 'शिमगा होऊ दे' म्हणाली असती, आणि मग पाऊस आलाच असता.

बाबा, तुमच्या मनात पहिलं काय येईल ते माहीत आहे. ही वाटणी नाही. नुसती चूल वेगळी मांडली म्हणून कायद्याने कुटुंब विभक्त होत नाही. जमीन वाटायची तर तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली अर्ज करावा लागतो, नाहीतर नोंदणी केलेला दस्त किंवा दिवाणी कोर्टाचा हुकूम लागतो. यातलं काहीही कोणी करणार नाही. सातबाऱ्यावरची नावं, कलमं, काजू, विहीर, देवघर, सगळं सामायिकच राहील. वाडीत कोणी खोचून विचारलं तर 'जेवणाच्या वेळा जमत नव्हत्या' एवढंच सांगा. खरं कारणही तेच आहे.

गणपतीतल्या त्या दुपारचं डॉक्टरांशी सविस्तर बोलले. तुमची ती मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी पोटात अन्न असो नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेऊन पान दोन तासांनी वाढलं गेलं की साखर उतरणारच. घाम, हातांचा कंप आणि कधी नव्हे ते चिडणं, ही त्याचीच लक्षणं होती. काकूला अजून वाटतं की तुम्ही तिच्यावर रागावलात. तिला हे एकदा सांगाच. अकरा माणसांच्या घरात आरती झाल्याशिवाय आणि बागेतली माणसं परतल्याशिवाय पानं मांडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण गोळी कोणासाठी थांबत नाही.

पुन्हा तसं वाटलं तर आधी साखर मोजायच्या मशीनवर बघा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन छोटे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा कप पाण्यात विरघळवून प्यायची. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग भात किंवा पोळी. लाडू नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा चढते. आई, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नकोस, रिक्षा बोलव आणि सरळ दवाखाना गाठ. आणि बाबा, साखरेची पुडी सदऱ्याच्या खिशात हवी, कपाटात नको.

आता तुझं, आई. सगळ्यांची पानं उठल्यावर गार आमटी-भात घेऊन चुलीपाशी बसायची तुझी सवय आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. तेव्हा तुझ्या ताटातला शेवटचा घास मिळावा म्हणून आम्ही भांडायचो. तू उपाशी राहतेस हे कळायला फार वर्षं गेली गं.

सगळीकडे ओटा ३३-३४ इंचांचा घालतात. तुझी उंची ४ फूट ११ इंच, त्यामुळे तशा ओट्यावर पोळी लाटताना खांदे वर चढतात आणि मान धरते. ओटा कोपरापेक्षा सहा इंच खाली असावा, म्हणून ३१ इंच सांगितलाय. गवंडी 'एवढा बुटका कशाला' म्हणेल, ऐकू नकोस. वर कडप्पा. ओट्याखाली एका बाजूला पाय आत जातील एवढी जागा मोकळी ठेवायला सांगितलीय, म्हणजे भाजी चिरताना स्टुलावर बसता येईल. विळीवर बसायचं आता बंद. गुडघा मुडपून बसणं त्या सांध्याला सगळ्यात जड जातं.

सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही. चिऱ्याच्या भिंतीत खाली जाळीचं भोक ठेवायला सांगितलंय. उंदीर येतील म्हणून ते बुजवू नका. नळी नारिंगी, आयएसआय छापाची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायचीच. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर अंगणात जा आणि तिथून १९०६ ला फोन लावा.

पहिले काही दिवस सगळंच जास्त होईल. तुझा हात अकरा माणसांचा आहे. तीन लिटरचा कुकर पाठवतेय. मोठ्या कुकरात दोघांचं वरण लावलं की नुसतं पाणी तापण्यातच गॅस जातो. एका वेळेला दोघांना एक वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ पुरे. खरी चूक मिठात होईल. पातेलं लहान होतं पण हात तोच राहतो. बाबांचं बीपी बघता दोघांचं मिळून दिवसाला दोन सपाट छोटे चमचे मीठ, लोणचं-पापड-सुकट धरून. सकाळीच वाटीत काढून ठेव आणि दिवसभर त्यातलंच घे. मोठ्या स्वयंपाकघरात हे कधीच जमलं नसतं, एकाला अळणी तर दहाजणांना अळणी.

सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण तेवढं पडवीत, घड्याळ बघून. रात्री मात्र तुमचं पातेलं उचलून माजघरातच जा. पोरं ओळीने बसलेली असताना तुम्ही दोघं मागे दिवा लावून जेवताय, हे मला इथे बसून सहन होणार नाही. पाहुणे आले तर मोठ्या स्वयंपाकघरातच जेवतील, आत्यासुद्धा. आंबा-काजूच्या पैशातून घरपट्टी, विजेचं बिल, पावसाआधी कौलं परतणं आणि गणपतीचा खर्च आधी बाजूला काढायचा, उरेल ते निम्मं-निम्मं. वही काकांकडे, महिन्याच्या महिन्याला दोघांची सही. काकांवर अविश्वास नाही, बाबा. पण घरं जमिनीपेक्षा दुधाच्या आणि सिलिंडरच्या हिशेबावरून जास्त तुटतात, म्हणून म्हणते.

गणपतीचा नैवेद्य एकच, मोठ्या चुलीवर. उकड तूच काढायचीस, पिठाला तेवढंच पाणी आणि वर चमचाभर तूप, हा अंदाज त्या घरात दुसऱ्या कोणाला नाही. कळ्या काकू पाडेल. तू खुर्चीवर बस.

काकू फोनवर 'चांगलं केलंत' म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. तू केईएम हॉस्पिटलात होतीस तेव्हाचे काकूचे ते चार महिने मी विसरलेले नाही, विसरले असं तिला वाटायला नको. म्हणून नव्या शेगडीवर पहिलं दूध तिच्याच हातून उतू घालायचं. भांडं लहान घे, आच मंद ठेव, आणि आदल्या दिवशीच तिला सांगून ठेव, म्हणजे ती त्या दिवशी माहेरी जायची नाही.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची,
बाय