आई-बाबा, घर घेतलंय, पण लंडनमध्ये नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईचं "जेवलीस का" आणि बाबांचं "तिकडे पाऊस आहे का" यातच बोलणं संपतं, म्हणून लिहायला बसले. आम्ही घर घेतलंय. लंडनच्या हॅरो भागात, जिथे आत्ता राहतो, तिथे नाही. लेस्टरशायरमध्ये मार्केट हार्बरो नावाचं गाव आहे, लंडनपासून रेल्वेने साधारण 130 किलोमीटर, तिथे. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची देवाणघेवाण, झालंय, किमतीच्या दहा टक्के इसार भरून झालाय, त्यामुळे आता मागे फिरणं नाही. ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळतील.

आधी का नाही सांगितलं, असं आई विचारणार नाही; ती फक्त दोन दिवस कमी बोलेल. तर ऐक. आपल्याकडे साठेखत झालं की निदान हातात कागद असतो. इथे भाव ठरला, वकील नेमले, कर्ज मंजूर झालं, तरी एक्स्चेंज होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतं, आणि त्याला दंड नाही. त्यात आपल्याला विकणारा स्वतः दुसरं घर घेत असतो, तो ज्याच्याकडून घेतो तो तिसरं. या साखळीतल्या एकाचं कर्ज अडलं की सगळ्यांचं घोडं अडतं, आणि सर्व्हेचे नि वकिलाचे पैसे मात्र गेलेले असतात. अशा अधांतरी गोष्टीसाठी तू नवस बोलावेस आणि बाबांनी रात्री जागावं, हे मला नको होतं. पिंट्यालाही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्याच्यावर चिडू नका.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न पुराचा असणार. कराडात राहणाऱ्या माणसाने तोच विचारावा. गावातून वेलँड नदी जाते. आपल्या कृष्णेपुढे ती ओढाच म्हणायची, पण गावात पाणी शिरलंय तिच्यामुळे. इथे सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की नदीच्या पुराचा आणि पावसाच्या तुंबणाऱ्या पाण्याचा धोका वेगवेगळा दाखवतात. बहुतेक लोक नदीचाच बघतात आणि फसतात, कारण सखल गल्लीत गटार तुंबूनही पाणी घरात येतं. आपलं घर चढावर आहे, दोन्ही धोके सर्वांत कमी गटात. शिवाय वकिलाने महापालिकेच्या नोंदी, सांडपाण्याची जोडणी आणि जमिनीखाली काय आहे याचे शोध घेतलेत. सर्व्हे तिसऱ्या पातळीचा केला, म्हणजे माणूस पोटमाळ्यावर चढून वासे बघतो, भिंतीतली ओल मोजतो. मागच्या बाजूची पन्हाळी गळत होती, तेवढं विकणाऱ्याकडून भावात वळतं करून घेतलं. जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची आपल्या मालकीची आहे, लीज नाही, की सोसायटीसारखा सर्व्हिस चार्जही नाही.

आता एवढ्या लांब का, ते. हॅरोत ज्या पैशांत दोन बेडरूमचा लीजवरचा फ्लॅट येतो, त्यात इथे तीन बेडरूमचं घर, मागे अंगण आणि खाली एक जादा खोली येते. माझं काम आता लेस्टरला आहे, तिथे गाडी पाव तासात पोचते. तुमच्या जावयांना आठवड्यातून दोनच दिवस लंडन. हार्बरोहून सेंट पँक्रसला वेगाची गाडी साधारण तासाभरात नेते, बसायला जागा मिळते. हॅरोच्या घरापासून बस आणि मेट्रोपॉलिटन लाइन धरून ऑफिसात पोचायलाही जवळपास तासच जायचा, तोही उभ्याने. दोन दिवस जाणाऱ्यांसाठी फ्लेक्सी पास असतो: 28 दिवसांत कुठलेही 8 दिवस. न वापरलेले दिवस बुडतात, म्हणून भारतात यायच्या महिन्यात तो घ्यायचा नाही. आणि ऑफिसने तिसरा दिवस मागितला तर मात्र हिशेब बिघडतो, हे आम्ही धरून चाललोय. गाडी 15 मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचली तर तिकिटाचे काही पैसे परत मिळतात, मागायची आठवण ठेवली तर.

नातीच्या शाळेची काळजी करू नका. चौथं वर्ष पूर्ण झालं की पुढच्या सप्टेंबरात शाळेचा सर्वांत पहिला, रिसेप्शनचा वर्ग लागतो. नियमित अर्जाची मुदत 15 जानेवारीलाच संपते, त्यामुळे आमचा अर्ज उशिराचा, आणि तोही एक्स्चेंजचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून जोडल्यावरच धरला. लहान वर्गांत एका शिक्षकामागे 30 हून जास्त मुलं घ्यायची नाहीत असा कायदाच आहे, म्हणून एकतिसाव्या मुलाला शेजारची शाळाही नाही म्हणते. आपल्याला मिळाली, चालत जाण्याच्या अंतरावर. पहिली तीन वर्षं दुपारचं जेवण शाळेत फुकट असतं, शाकाहारी ताट सांगता येतं. पुढचंही पाहून ठेवलंय: लेस्टरशायरमध्ये सरकारी ग्रामर स्कूल नाहीतच, त्यामुळे दहाव्या वर्षी पोरीला प्रवेश परीक्षेच्या क्लासला जुंपायचा प्रश्न नाही.

आई, खालची खोली तुमची आहे. "आमच्यासाठी कशाला खर्च" हे वाक्य आत्ताच गिळून टाक. इंग्रजी घरात झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर, जिना अरुंद आणि उभा, वर गालिचा अंथरलेला. तुझ्या गुडघ्यांना तो नको, म्हणून खाली खोली असलेलंच घर शोधत होतो. ती पूर्वीची गॅरेज आहे. असं रूपांतर केलं की बांधकाम नियमांचा पूर्णत्वाचा दाखला लागतो. तो नसेल तर भिंतीत थंडी अडवणारा थर घातलाय की नाही याची खात्री नसते, आणि हिवाळ्यात ती खोली म्हणजे फ्रीज. आपल्याकडे दाखला आहे. शेजारच्या संडासात आता शॉवर बसवून घेतोय: उंबरठा नाही, पाणी जायला उतार, पाय न घसरणाऱ्या फरश्या, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. दिवा लावायला आत बटण नसतं, छताला दोरी असते ती ओढायची. प्लगही नाही, दाढीच्या मशीनपुरता तेवढा एक वेगळा, तेव्हा बाबा, तुमचं मशीन चालेल.

आता तो नाजूक विषय. जेट स्प्रे सरळ नळाला जोडता येत नाही. इथल्या पाणीपुरवठ्याच्या नियमांत संडासातलं पाणी सर्वांत घातक, पाचव्या वर्गात धरतात. स्प्रे भांड्यात पडलेला असताना बाहेर मुख्य नळाचा दाब अचानक उतरला, तर ते पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या नळात यायची भीती. म्हणून मध्ये वेगळी छोटी टाकी लागते, आणि तिच्यात येणारा नळ पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत मोकळा सोडावा लागतो. बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. पुष्कळ लोक टाकीशिवायच बसवतात. आपण टाकी लावून घेणार आहोत. ते होईपर्यंत बेसिन हाताशी आहे, कोमट पाणी येतं आणि तांब्या मी कराडहून आणलेलाच आहे.

थंडीचं म्हणशील तर घर गॅस बॉयलरवर तापतं. प्रत्येक रेडिएटरला फिरवायची कळ आहे, तुमच्या खोलीत 21 अंश ठेवू. बॉयलरच्या काट्यावर दाब 1 ते 1.5 बार असावा. त्याच्या फार खाली गेला की बॉयलर बंद पडतो आणि लोक घाबरून मेकॅनिक बोलावतात. खरं तर खालची चावी थोडी उघडून काटा वर आला की बंद करायची, एवढंच. रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला तर आत हवा अडकलेली असते, ती छोट्या किल्लीने सोडायची. बाबांना उद्योग मिळाला.

स्वयंपाकघरात गॅसच आहे, कुकरच्या शिट्ट्यांना कोणी काही म्हणत नाही. फक्त तिथे धुराचा अलार्म नको, उष्णतेचा हवा, नाहीतर तुझ्या प्रत्येक फोडणीला घर किंचाळेल. तो बदलून घेतोय. पंखाही बाहेर हवा फेकणारा बसवू; नुसता कोळशाच्या जाळीचा असला की हिंगाचा वास सोफ्यात आठवडाभर मुक्कामाला असतो.

एक मात्र आधीच सांगते, नंतर हिरमोड नको. हॅरोसारखं इथे रस्त्यात कोणी "केम छो" म्हणणार नाही, आणि बागेतल्या बाकावरच्या तुझ्या मैत्रिणी इथे नाहीत. साधारण 25,000 वस्तीचं गाव, बहुतेक सगळे गोरे, पण फाटकातून हाक मारून बोलणारे. लेस्टर मात्र 25 किलोमीटरवर आहे. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर ज्वारीचं पीठ, गवार, तोंडली, मेथी, कढीपत्ता, पूजेचं सामान सगळं मिळतं. 1972 मध्ये युगांडातून हाकललेली गुजराती मंडळी त्या शहरात येऊन राहिली, त्यांनी बसवलेली पेठ ती. दिवाळीत अख्खा रस्ता दिव्यांनी मढवतात. दर पंधरवड्याला जाऊ.

गावाला बाजार आहे, मंगळवारचा, 1221 पासून चालत आलेला. भर चौकात लाकडी खांबांवर उभी 1614 सालची शाळा आहे. वर वर्ग भरायचा आणि खाली लोणी विकणारे पावसातून आडोशाला बसायचे. पूर्वीच्या कॉर्सेटच्या कारखान्यात आता वाचनालय आणि संग्रहालय आहे. (आई, कॉर्सेट म्हणजे काय ते मी समक्ष सांगेन, बाबा नसताना.) रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि बाबा, उगाच गोड बोलत नाहीये, पण फॉक्स्टन लॉक्स तुमच्यासाठीच बांधलेत असं वाटतं. गावापासून चार-पाच मैलांवर, ग्रँड युनियन कालव्यावर, 1814 चं काम. लॉक म्हणजे दरवाजे लावून पाणी भरत-सोडत बोट वर-खाली नेणारं कुंड. पाच-पाचच्या दोन जिन्यांत असे दहा लॉक, आणि बोट 75 फूट वर चढते. बाजूला साठवणीची तळी आहेत. प्रत्येक लॉकला पाण्याच्या झडपांच्या लाल आणि पांढरी अशा दोन दांड्या, लाल आधी आणि मग पांढरी. उलटं केलं की पाणी भलतीकडे जाऊन तळं ओसंडतं. बोटवाल्यांना ते सांगायला कर्मचारी उभे असतात. तुम्ही पाटबंधाऱ्यातला माणूस आहात हे त्यांना सांगू नका, नाहीतर संध्याकाळी घरी येणार नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. घर घेतलं म्हणजे पोरगी आता परत येत नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. भाडं भरत राहिलो असतो तरी एवढ्यात परत येणं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे. फरक इतकाच की आता तुमची खोली आहे. तुम्हाला कायमचं बोलवायचा व्हिसा जुलै 2012 पासून जवळजवळ बंदच आहे. आंघोळ, कपडे, जेवण यासाठी रोज दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी देखभाल भारतात पैसे देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही दोघं धडधाकट आहात म्हणून तो मिळत नाही. तसेच राहा. भेटीच्या व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं. या वेळी पाच वर्षांचा मागू, पण प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांच्या आतच. पुढच्या मे महिन्यात या. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तेव्हा येऊ नका.

त्यासाठी कामं सांगते, वाद न घालता करा. सहा महिन्यांचं पासबुक, पेन्शनचे कागद, घराचा उतारा एका फाइलमध्ये लावा. अर्जाच्या तोंडावर एफडी मोडून खात्यात मोठी रक्कम आणून ठेवू नका. अचानक आलेल्या पैशाचा उगम दिसला नाही की नकार येतो. प्रवासविम्यात साखर आणि बीपी दोन्ही लिहा. लपवलं तर ऐन वेळी कंपनी हात वर करते, आणि इथे पाहुण्याला दवाखान्यात दाखल केलं की सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. डॉक्टरला दाखवणं आणि अपघात विभागातले उपचार फुकट आहेत. मोठं काही झालं तर केटरिंगचं किंवा लेस्टरचं हॉस्पिटल जवळ. औषधं मुक्कामापेक्षा महिनाभर जास्तीची, मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

आणि तोवर तिकडे: बाबांची तीन महिन्यांची साखर या महिन्यात तपासायची आहे. रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, आईने नाही, तुम्ही स्वतः. हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, शेवटच्या दिवशी रांग लावू नका. आई, माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, पिंट्या येईपर्यंत पुरणयंत्र वरच राहू दे. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. फोनवर कोणी बँकेचं नाव सांगून आकडा मागितला तर फोन ठेवून द्यायचा, उगाच सभ्यपणे बोलत बसायचं नाही.

किल्ल्या मिळाल्या की व्हिडिओवर आधी तुमची खोली दाखवते. देवघर कुठल्या भिंतीला करायचं ते आई सांगेल. खिडकी पूर्वेला आहे. आणि बाबांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते आज बघून कळवा.

तुमची,
ताई