पावसाळी प्रदर्शने आणि उसने आणलेले कागद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून लागला की शहरातल्या वस्त्यांमधल्या छोट्या कलादालनांत स्थलांतर आणि विस्थापन या विषयावरची प्रदर्शने सुरू होतात. तारखाच तशा आहेत. २० जूनला जागतिक निर्वासित दिन, १२ जुलैला पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची आठवण, १४ ऑगस्टला फाळणीचा स्मृतिदिन. तिन्ही ऐन पावसाळ्यात! पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ६५च्या पुढे कागदावर बुरशी धरायला लागते. कॅनव्हासवरचे चित्र चार दिवस कसेबसे निभावते. पण या प्रदर्शनांचा जीव असतो तो घराघरांतून उसन्या आणलेल्या वस्तूंत : पिंपरी कॅम्पातल्या, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वस्तीतल्या, एखाद्या घरातला क्लेमचा (मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईच्या दाव्याचा) कागद, पानशेतच्या पुरात भिजून वाळलेला फोटो, धरणाखाली गेलेल्या गावातली गोधडी. आमचे म्हणणे एवढेच, की या तारखांना अस्सल कागद आणि फोटो भिंतीवर लावू नयेत, प्रतिकृती लावाव्यात. अस्सलच दाखवायचे असेल तर प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत घ्यावे.

नेमके काय बिघडते ते सांगतो. फाळणीनंतरच्या कागदांवर जांभळे शिक्के आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीच्या सह्या असतात. हा रंग पाण्यात विरघळतो. दमट हवेत तो कडेने पसरतो आणि महत्त्वाची तारीखच वाचता येत नाही. जुन्या फोटोंचे आणखी वाईट. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ पडून फ्रेमच्या काचेला चिकटतो, हवा कोरडी झाली की तिथेच सुकतो. मग कुणी काच उचलली की चेहऱ्याची साल काचेबरोबर निघून येते. म्हणून काच आणि फोटो यांच्यात माउंटबोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) २-३ मिलिमीटर जाडीची चौकट हवीच. आधीच चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. पानशेतच्या फोटोंवर मागच्या बाजूला गाळाची रेघ असते, तीही पुसू नये. पाणी कुठवर चढले होते याचा तो पुरावा आहे.

घरचे लोक कागद ‘टिकावा म्हणून’ लॅमिनेट करून देतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. गरम डिंक कागदाच्या धाग्यांत शिरतो, तो पुन्हा सोडवता येत नाही आणि कागदातले आम्ल आतच कोंडते. सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग आयुष्यभर राहतो. कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावा, पाकीट दोन बाजूंनी उघडे असावे. स्टेशनरीच्या दुकानातली पीव्हीसीची फाइल नाकाशी धरली तर नव्या रेनकोटसारखा वास येतो. ती शाई ओढून घेते, घेऊ नका.

प्रतिकृती म्हणजे झेरॉक्स नव्हे. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने, रंगीत, आणि दोन्ही बाजू. मागचे शिक्के, टाचणीची भोके, कुणी पेन्सिलीने केलेला हिशोब हे सगळे यायला हवे. छपाई मूळ मापातच, बिनचकाकीच्या जाड कागदावर. मोठे करून छापलेला रेशनकार्डाचा कागद पोस्टर वाटतो. तळहातावर मावणारे ते कार्ड केवढेसे होते, हेच प्रेक्षकाला कळायचे असते. शेजारच्या पाटीवर ‘प्रतिकृती’ असे लिहावे, लपवण्यात काही अर्थ नाही. सिंधी कागदांबाबत एक चूक वारंवार दिसते. अरबी-सिंधी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, वही उजवीकडून उघडते. मांडणाऱ्याला लिपी येत नसेल तर शेवटचे पान पहिले लागते, कधी कागदच उलटा टांगला जातो. मांडणीच्या दिवशी ती लिपी वाचणारे कॅम्पातले एखादे आजोबा बोलावून घ्यावेत, तासाभराचे काम आहे.

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करणाऱ्या कलाकारांनाही प्रतिकृतीच द्या. अस्सल पत्रे दोऱ्याला चिमट्यांनी लटकवली की दिसतात छान, पण प्रत्येक चिमट्याखाली कागद दबतो आणि पंख्याच्या वाऱ्याने घडीवर फाटतो. आणि अस्सल नसले म्हणून कलाकृती पोकळ होत नाही. अलीगढमध्ये जन्मलेल्या चित्रकार झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये घर या विषयावर ३६ लाकूडठश्यांची (लाकडात कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. काळ्या मोजक्या रेषा आणि प्रत्येक ठश्यात एक उर्दू शब्द, एवढ्यावर ती उभी आहे. तिथे एकही जुना दाखला लागला नाही.

तरीही अस्सल कागद ठेवायचाच असेल, तर बंद पेटी हवी. १२० × ६० × २० सेंटिमीटरच्या टेबलपेटीला साधारण ३ किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) लागते. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकून काही होत नाही. जेल अगदी कोरडे घातले तर कागद वळतो, म्हणून आत छोटा आर्द्रतामापक ठेवून ५० ते ५५ टक्के राखावे. पेटी नुकत्याच फेविकॉलने चिकटवलेल्या प्लायची असेल तर ती आधी पंधरा-वीस दिवस उघडी वाळवा. एसी दिवसा लावून रात्री बंद करू नये. चढउताराने कागद जास्त थकतो. दिव्यांचा उजेड ५० लक्सपर्यंत, मोजायला मोबाइलवरचे अ‍ॅप अंदाजापुरते चालते. फ्रेम बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मागे बुचाचे तुकडे लावून दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवावी.

गोधडीला खिळा मारू नका. वरच्या कडेला मागून १० सेंटिमीटरची सुती पट्टी शिवून त्यातून दांडा घालावा, म्हणजे वजन सगळीकडे वाटले जाते. कसर किंवा किडीचा संशय असेल तर गुंडाळी करून पॉलिथिनमध्ये बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरते. लोखंडी ट्रंक घासून चकचकीत करण्याचा उत्साहही आवरावा. तिच्यावर रंगाने लिहिलेले नाव आणि गाव, हाच तर तिचा दस्तऐवज.

पाट्यांवरचे शब्द हा वेगळाच घोळ. सगळ्यांना सरसकट ‘निर्वासित’ म्हटले जाते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासिताची जी व्याख्या आहे, त्या करारावर भारताने सहीच केलेली नाही. आपल्याकडे पानशेतचे ते पूरग्रस्त, कोयना-उजनीचे धरणग्रस्त, आणि बीडहून कोयता घेऊन येणारी जोडपी हंगामी स्थलांतरित. या प्रत्येक शब्दामागे वेगळा कायदा, वेगळी भरपाई किंवा भरपाईच नाही. वस्तू ज्यांची, त्यांना कोणता शब्द चालतो ते विचारून मगच पाटी छापा. मजकूर साठ-सत्तर शब्दांत, टाइप २० पॉइंटच्या खाली नको. मात्रा-रफार असलेली देवनागरी बारीक छापली की पन्नाशीपुढचा प्रेक्षक पाटी सोडून देतो.

अलीकडे आलेल्या, अजून कागदपत्रांच्या फेऱ्यात असलेल्या माणसांचे फोटो लावताना लेखी संमती घ्या. प्रतिकृतीवरचे आधार, पासपोर्ट क्रमांक झाका आणि मधेच नको म्हटले तर त्याच दिवशी उतरवा.

पावती दोन प्रतींत असावी : वस्तूचे माप, आधीचे डाग-फाटे, दोन्ही बाजूंचे फोटो, परतीची तारीख. किंमतीच्या रकान्यात ‘अमूल्य’ लिहिले तर विमा मिळत नाही, रुपयांतच आकडा घाला. महापालिकेने आपल्या दालनांच्या आरक्षणाच्या अर्जात ‘उसन्या जुन्या वस्तू आहेत का’ एवढा एक रकाना वाढवला आणि असे प्रदर्शन असेल तर थंडीतल्या तारखा आधी देऊ केल्या, तर निम्मे प्रश्न मिटतील.

वस्तू परत मिळाल्यावर घरच्यांनी ती लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात टाकू नये. दोन-तीन दिवस उन्हापासून लांब, पंख्याच्या थेट झोतात न ठेवता, कोऱ्या टीपकागदांच्या मधे ठेवावी. टीपकागद ओलसर लागला तर बदलावा.

आपले,
प्रदर्शनांची मांडणी करणारे काही कार्यकर्ते, पुणे